बेकार शिकारी

काही महिन्यांपूर्वी एक इंग्रजी अहवाल मराठीत आणताना मी एका साध्या शब्दापाशी अडले. विषय होता कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या इनुइट वस्त्यांची अर्थव्यवस्था. एका वाक्यात तिथले बरेच प्रौढ पुरुष 'अनएम्प्लॉइड' असल्याचं म्हटलं होतं. त्याच परिच्छेदात जरा खाली, हेच पुरुष आठवड्यातले कित्येक दिवस गोठलेल्या समुद्रावर शिकारीला गेलेले असतात, असंही होतं. पहिल्या खर्ड्यात मी सवयीने 'बेकार' लिहून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी वाचताना दोन शब्द शेजारी शेजारी बसलेले दिसले: बेकार शिकारी.

मराठीत बेकार म्हणजे ज्याला काम नाही तो. पण चहाही बेकार असतो, रस्ता बेकार असतो, सिनेमा बेकार असतो. 'रिकामा'पासून 'रिकामटेकडा' फार लांब नाही. 'बेरोजगार' त्यातल्या त्यात सभ्य, सरकारी. तरी त्यातला 'रोज' कानाला रोजंदारीची आठवण करून देतो. म्हणजे काम नसलेल्या माणसासाठी आपल्याकडे जे शब्द आहेत ते एक तर त्याच्या खिशाबद्दल बोलतात, नाही तर त्याच्या लायकीबद्दल. उणे तीस अंशांत, सीलने श्वास घेण्यासाठी बर्फात राखलेल्या भोकापाशी हालचाल न करता उभा राहणारा माणूस यांतल्या कुठल्या शब्दात बसवायचा?

असे पेच अनुवादकाला रोज पडतात आणि बहुतेक कोश मिटला की तेही मिटतात. हा मिटेना. काम कशाला म्हणायचं, आणि ते ठरवायचं कोणी, असा तो पेच होता. तेव्हा अहवाल बाजूला ठेवून मी एका गावाविषयी जे मिळेल ते वाचत बसले.

गावाचं नाव इक्पिआर्जुक. नकाशावर ते आर्क्टिक बे म्हणून सापडतं. बॅफिन बेटाच्या उत्तर टोकाजवळ, ७३ अंश उत्तर अक्षांशावर. इक्पिआर्जुक म्हणजे खिसा. तीन बाजूंनी उंच डोंगर आणि मधे शांत उपसागर, म्हणून हे नाव. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत इथे सूर्य उगवत नाही. २०२१च्या जनगणनेत गावाची वस्ती हजाराला थोडीशी कमी भरली. हे गाव ज्या नुनावुत प्रदेशात आहे, तो १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झाला. आकाराने भारताच्या निम्म्याहून मोठा, आणि माणसं जेमतेम सदतीस हजार, त्यांतले सुमारे ८५ टक्के इनुइट. वस्त्या पंचवीस, आणि त्यांना एकमेकींशी जोडणारे रस्ते नाहीत. विमान आहे, आणि बर्फ वितळल्यावर उन्हाळ्यात वर्षाचं जडशीळ सामान घेऊन येणारी जहाजं आहेत.

अशा गावात पगाराच्या नोकऱ्या कोणत्या? गावाचं कार्यालय, शाळा, दवाखाना, दुकानं, घरदुरुस्ती, घरोघर पाणी पोचवणारा टँकर आणि सांडपाणी उचलणारा टँकर, डिझेलवर चालणारं वीजघर. बहुतेकांचा पगार या ना त्या मार्गाने सरकारी तिजोरीतूनच येतो. त्यातही बऱ्या पगाराच्या जागांना इंग्रजी आणि पदवी लागते, आणि त्या दक्षिणेतून आलेल्यांकडे जातात. १९९३च्या जमीन-हक्क करारातल्या २३व्या कलमाने सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचं प्रमाण लोकसंख्येइतकं आणायचं ठरवलं होतं. ते वर्षानुवर्षं निम्म्याच्या आसपासच घोटाळत राहिलं.

या पगारी गावाखाली दुसरं एक गाव आहे. ते सील आणतं, उन्हाळ्यात नारव्हेल आणतं, कॅरिबू, चार मासे, हंस आणतं. नारव्हेलची चरबीसकट कातडी, म्हणजे माक्ताक, कच्ची खातात. भाजीपाला न उगवणाऱ्या मुलखात क जीवनसत्त्व माणसांना पिढ्यान्‌पिढ्या अशाच अन्नातून मिळालं. शिकार घरी आली की ती एका घराची राहत नाही. म्हाताऱ्यांकडे, सासरी, माहेरी, ज्याच्या घरात बंदूक धरणारं कोणी नाही त्याच्याकडे वाटे जातात. जॉर्ज वेन्झेल या मानववंशशास्त्रज्ञाने याच बेटावरच्या क्लाइड रिव्हर गावात वर्षानुवर्षं राहून या वाटपाचे नियम लिहून ठेवले. कोणी कोणाला काय द्यायचं हे नात्याने ठरलेलं असतं. ते दान नाही आणि उधारीही नाही.

ही दोन गावं एकमेकांवाचून चालत नाहीत. एकेकाळी शिकारी कुत्र्यांच्या गाडीने जात. कुत्र्यांना सीलचं मांस लागे, म्हणजे शिकारीतूनच शिकारीचं इंधन निघे. १९५० आणि ६०च्या दशकांत सरकारने पांगलेल्या कुटुंबांना शाळा, दवाखाना, घर यांच्या ओढीने, पुष्कळदा दडपणाने, कायमच्या वस्त्यांत आणलं. गाडीची कुत्री मोठ्या संख्येने मारली गेली. किकिक्तानी सत्यशोधन आयोगाने २०१०च्या अहवालात ही सगळी हकिगत त्या लोकांच्या तोंडून नोंदवली आहे. कुत्र्यांच्या जागी स्नोमोबाईल आली. ती सील खात नाही, पेट्रोल पिते. त्याबरोबर काडतुसं, सुटे भाग, जीपीएस, रेडिओ. हे सगळं रोखीचं. सीलच्या कातड्यांतून ही रोकड बरीचशी निघत असे. पण १९८३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट मारत होते ते मोठे सील, आणि बंदीत त्यांच्यासाठी सवलतही होती. बाजाराने तो भेद केला नाही. एकंदर सीलच्या कातडीलाच गिऱ्हाईक उरलं नाही. दूरच्या शहरांतल्या माणसांनी दयेपोटी घेतलेल्या निर्णयाने शिकाऱ्याचं पेट्रोल बंद झालं.

तेव्हापासूनची कोंडी अशी: ज्याला नोकरी आहे त्याच्याकडे पेट्रोलचे पैसे आहेत, पण शिकारीला वेळ नाही. ज्याला नोकरी नाही त्याच्याकडे वेळ आहे, पेट्रोल नाही. पुष्कळ घरांनी यावर आपापला तोडगा काढला. बायको शाळेत किंवा कार्यालयात नोकरी करते आणि तिच्या पगारातून नवऱ्याची किंवा भावाची स्नोमोबाईल चालते. ते मांस आणतात, आणि ते तिच्या आईकडे, मावशीकडे जातं. घर म्हणून पाहिलं तर यात कोणीही रिकामं नाही. पण कामगार पाहणी घराला प्रश्न विचारत नाही, माणसाला विचारते. तिच्या तक्त्यात बायको 'रोजगारात' येते. नवऱ्याने गेल्या चार आठवड्यांत नोकरी शोधली असेल तर तो 'बेरोजगार', आणि शोधली नसेल तर तो श्रमशक्तीच्या बाहेर. म्हणजे तो बेरोजगारसुद्धा नाही. त्या तक्त्यापुरता तो गावातच नाही.

ही काही एखाद्या कारकुनाची चूक नव्हे. २०१३ मध्ये जिनिव्हात भरलेल्या श्रमसांख्यिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'काम' आणि 'रोजगार' यांच्या व्याख्या मुद्दाम वेगळ्या केल्या. स्वतःच्या घरासाठी अन्न मिळवणं, पाणी-सरपण आणणं, मुलं सांभाळणं हे सगळं काम. रोजगार मात्र पैशासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं तेवढंच. तोवर न मोजलेल्या श्रमाला निदान 'काम' हे नाव मिळालं, हे पुढचं पाऊल होतं. पण बातम्यांत येतो, ज्यावर मंत्री बोलतात आणि ज्यावरून निधी ठरतो, तो आकडा रोजगाराचाच राहिला.

आपल्याकडच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ९२ आणि ९३ असे दोन संकेतांक आहेत. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी व्यक्ती. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय सरपण, चारा, रानभाजी असं काही फुकट गोळा करणारी, किंवा घरापुरतं शिवण-टिपण, विणकाम करणारी. दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेर. माझी आत्या रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात राहायची. ओहोटी लागली की चारचौघी बायकांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उतरायची आणि पायाने चाचपून तिसऱ्या काढायची. दोन-तीन तासांनी पाटी भरून घरी. त्यातला वाटा शेजारच्या म्हातारीकडे, एक पोस्टमनच्या घरी. "आत्या काय करतात?" असं कोणी विचारलं की आमच्या घरचं उत्तर ठरलेलं: "काही नाही, घरीच असते." मीही हे उत्तर दिलेलं आहे. ९३ हा आकडा मला फार उशिरा कळला, आणि कळल्यावर पहिल्यांदा तीच आठवली. भर पाण्यात उभी असलेली बाई घरी असते, असं आम्ही सगळेच बिनदिक्कत सांगत होतो.

इथवर गोष्ट सोपी आहे. मोजणारे चुकले, शिकारी बरोबर. अशा निबंधांचा शेवट बहुधा इथेच होतो. मला तो इथे करता येत नाही, कारण गोष्ट यापुढेच अवघड होते.

एक तर, उपाशी राहणारे लोक खरे आहेत. २००७-०८च्या इनुइट आरोग्य पाहणीत नुनावुतमधल्या दहांपैकी जवळजवळ सात घरांत अन्नाची शाश्वती नसल्याचं आढळलं. मार्शल सालिन्स यांनी १९६०च्या दशकात शिकारी-संग्राहक समाजांना मूळचे सुखवस्तू समाज म्हटलं, गरजा थोड्या म्हणून भरपूर फुरसत असलेले. विचाराला चालना देणारी कल्पना आहे, पण तिच्या जोरावर आर्क्टिक बेतल्या आईला दुकानातल्या दुधाचे दर सोसता येणार नाहीत. उत्तरेचा जुना इतिहासही दुष्काळाच्या आठवणींनी भरलेला आहे. शिकार हे काम आहे असं मान्य केलं म्हणून ती पोट भरायला पुरेशी आहे असं होत नाही.

दुसरी गोष्ट मराठीत लिहिणाऱ्या माणसाला विसरता येत नाही. पगाराविना काम आणि त्याबदली वाटा, अशी व्यवस्था आपल्याकडेही होती. तिचं नाव बलुतं. सुगीच्या दिवसांत गावाने कामकऱ्याला धान्याचा वाटा द्यायचा, आणि त्याने वर्षभर, पिढ्यान्‌पिढ्या, जातीने नेमून दिलेलं काम करायचं. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातही देवाणघेवाण, परस्परावलंबन, बाजाराआधीचं शहाणपण दिसू शकतं, आणि तसं लिहिणारे पुष्कळ झाले. ज्यांच्या पदरात तो वाटा पडत होता त्यांना त्यातली बेडी दिसत होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबाबतचं विधेयक मांडलं. वाट्याऐवजी ठरलेला मोबदला मिळणं, काम सोडता येणं, गिरणीत किंवा गोदीत जाऊन नोकरी धरता येणं, ही त्या माणसांसाठी सुटका होती. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिलं, ते काही आठवणीच्या गोडव्याने नव्हे. तेव्हा पगार म्हणजे घसरण आणि वाटा म्हणजे माणुसकी, असं समीकरण मला मांडता येत नाही. रोख पैशाला जात विचारता येत नाही, हा त्याचा फार मोठा गुण आहे.

मग इनुइटांचा वाटा आणि आपलं बलुतं यांत फरक कोणता? दोन्हींत पैसा नाही, दोन्हींत परंपरा आहे. फरक मला असा दिसतो की बलुत्यात काम करणारा आणि वाटा ठरवणारा वेगळे होते, आणि खालच्याला वर जाता येत नव्हतं. सीलच्या वाट्यात आज देणारा उद्या घेणारा असतो. घेण्याने तो लहान होत नाही. म्हणजे वाटा की पगार, एवढं विचारून भागत नाही. कामाच्या अटी कोणाच्या हातात आहेत, आणि नको म्हणायची मुभा आहे का, हेही विचारावं लागतं. हा निकष हातात धरून इक्पिआर्जुकच्या गेल्या पन्नास वर्षांकडे पाहिलं की चित्र बरंच स्पष्ट होतं.

१९७६ मध्ये गावाजवळ जस्त आणि शिशाची खाण सुरू झाली. जागेचं नाव नानिसिविक, म्हणजे जिथे वस्तू सापडतात ती जागा. खाणीसाठी नवं गावच वसवलं. केंद्र सरकारचाही त्यात भाग होता, आणि उद्देशांपैकी एक उघडपणे सांगितलेला होता: इनुइटांना नोकरीची सवय लागावी. कामगारांपैकी ६० टक्के इनुइट असतील असं ठरलं होतं. ते कधीच झालं नाही. अशा खाणींत काही आठवडे सलग काम आणि मग सुट्टी, अशी पाळी असते. वसंतात बर्फ अजून घट्ट असतो, दिवस लांबतात आणि सील बर्फावर ऊन खात पडतात, तेव्हा पाळी कोणाची आहे हे सील विचारत नाही. त्या दिवसांत शिकारीला निघून गेलेल्या माणसाच्या नावापुढे व्यवस्थापन 'गैरहजर' लिहितं. त्या माणसाच्या दृष्टीने, त्या दिवसांत खाणीत बसून राहणं हीच गैरहजेरी असते. २००२ मध्ये खाण बंद झाली आणि ते गाव पाडून टाकलं. काही घरांनी त्या पगारावर स्नोमोबाईल आणि होड्या घेतल्या, काहींनी हुन्नर शिकून घेतलं, हेही खरं. नोकरी वाईट नव्हती. पण ती कधी येणार आणि कधी जाणार हे गावाच्या हातात नव्हतं.

पुढची खाण लोखंडाची, पाँड इनलेट गावाच्या बाजूला मेरी रिव्हर इथे. तिचं खनिज २०१५पासून जहाजांनी जाऊ लागलं, आणि जहाजांची वाट नारव्हेलच्या उन्हाळी वसतिस्थानातून जाते. नारव्हेल आवाजाला बुजरा प्राणी आहे. कंपनीने वर्षाला ६० लाख टनांऐवजी १ कोटी २० लाख टन खनिज पाठवायची आणि त्यासाठी रेल्वे बांधायची परवानगी मागितली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पाँड इनलेट आणि आर्क्टिक बे इथले काही शिकारी स्नोमोबाईलवरून खाणीवर पोचले आणि धावपट्टी व बंदराकडे जाणारा रस्ता अडवून जवळपास आठवडाभर बसले. २०२२च्या मे महिन्यात तिथल्या परिणाम-आढावा मंडळाने विस्तार मंजूर करू नये अशी शिफारस केली, आणि नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ती मान्य केली. त्याच वर्षी कंपनीने मोठ्या नोकरकपातीचा इशारा दिला होता. म्हणजे हे लोक नोकऱ्या धोक्यात घालून बसले होते, आणि त्यांच्यावर नाराज असणारी माणसं त्यांच्याच गावांत होती. खाणीत नोकरी करणाऱ्या बापाचं म्हणणंही ऐकण्यासारखंच असतं. मला त्या रस्त्यावर बसलेल्यांचं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की आकडेवारीत ज्यांना कामच नव्हतं ते लोक 'आमचं काम जाईल' असं म्हणत तिथे बसले होते.

आता त्याच गावातली तिसरी गोष्ट. आर्क्टिक बे ज्या समुद्राच्या काठावर आहे त्याचा १,०८,००० चौरस किलोमीटरचा भाग तालुरुतिउप इमांगा या नावाने राखीव ठेवायचं ठरलं. त्याच्या करारासाठी ऑगस्ट २०१९ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान या गावात आले. त्याच्या आदल्या वर्षीच किकिक्तानी इनुइट संघटनेने इथे एक प्रयोग सुरू केला होता. काही शिकाऱ्यांना पूर्ण पगारावर नेमलं. त्यांना म्हणतात नाउत्तिक्सुक्तीत, म्हणजे लक्ष ठेवणारे. बर्फ कुठे पातळ झाला आहे ते पाहायचं, जहाजं आणि प्राणी यांच्या नोंदी ठेवायच्या, कोणी अडकलं तर सोडवायला जायचं, तरुणांना शिकवायचं, आणि शिकार करायची. होडी, स्नोमोबाईल, पेट्रोल कामाचाच भाग. आणलेलं मांस मात्र विकायचं नाही. ते गावात वाटायचं.

मला हा तोडगा सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. इथे पगार मांसाला मिळत नाही. तो शिकाऱ्याच्या वेळेला आणि पेट्रोलला मिळतो. मांस वाट्यातच राहतं. पैसा आत घेतला आहे, पण कुठल्या दारापर्यंत यायचं हे त्याला सांगितलेलं आहे. अशी युक्ती उत्तरेत अगदी नवी नाही. क्वेबेकमधल्या क्री लोकांनी १९७५च्या जेम्स बे करारात अशी तरतूद करून घेतली, की जो शिकारी रानात राहील त्याला तिथल्या दिवसांच्या हिशोबाने, वर्षाला २४० दिवसांपर्यंत, पैसे मिळतील. किती प्राणी मारले याचा त्यात हिशोब नाही. रानात गेला होतास का, एवढंच.

मराठीत 'वाटा' हा शब्द दोन ठिकाणी राहतो. भावाभावांत, शेजारीपाजारी होतो तो वाटा. आणि मासळीबाजारात कोळीण टोपल्यात मासळीचे ढीग लावते तोही वाटा. "हा वाटा केवढ्याला?" पहिल्याला किंमत लावली तर भांडण होतं, दुसऱ्याला लावली नाही तर धंदा बुडतो. आत्या शेजारी तिसऱ्या पाठवायची आणि त्याच पाटीतल्या उरलेल्या कधीकधी बाजारातही बसून विकायची. तिला या दोन वाट्यांत गोंधळ कधी झाला नाही. कोणासमोर कुठला वाटा ठेवायचा हे तिला ठाऊक होतं, आणि ते ठरवणारी ती स्वतः होती. इनुइट गावांत हा वाद आज चालू आहे. ज्याला मांस द्यायलाच हवं त्याला ते विकावं का? ग्रीनलंडमधल्या गावांत शिकारीच्या मांसाचे बाजार कधीपासून भरतात आणि तिथला समाज काही मोडून पडलेला नाही. नुनावुतच्या करारानेही विकण्याचा हक्क दिलेला आहे. तरी पुष्कळांना तो वापरताना संकोच होतो. हा संकोच मागासलेपणा नव्हे. कुठला वाटा कुठला, हे ज्याला अजून आठवतं त्याचाच तो संकोच आहे.

पगारी शिकाऱ्याच्या प्रयोगातही काचणाऱ्या गोष्टी आहेतच. हजार वस्तीच्या गावात थोड्यांना नेमलं की बाकीचे शिकारी बिनपगारी ठरतात. काल सगळेच सारखे होते, आज शेजारच्या घरी पेट्रोल आहे आणि आपल्याकडे नाही. पुतण्याला बर्फ वाचायला शिकवणाऱ्या काकाच्या मनात, याचे कोणी पैसे का देत नाही, असा प्रश्न आता उठू शकतो. तो प्रश्न अन्याय्य नाही, पण एकदा उठला की काका-पुतण्यात काहीतरी बदलतं. मोजण्याची ही किंमत आहे. न मोजण्याची किंमत आपण वर पाहिली. मोजलं नाही तर ते काम निधीच्या, धोरणाच्या, खाणीच्या परवानगीच्या वेळी नसल्यासारखंच धरलं जातं. दोन्ही किमती खऱ्या आहेत आणि एक चुकवण्यासाठी दुसरी द्यावी लागते. कुठली द्यायची हे ओटावातल्या कार्यालयाने किंवा माझ्यासारख्या वाचकाने ठरवण्यापेक्षा त्या गावाने ठरवणं बरं, कारण ती भरणार ते आहेत. नुनावुतच्या सरकारने स्वीकारलेल्या इनुइट मूल्यांत पियित्सिर्निक हे एक आहे: कुटुंबाला आणि समाजाला लागेल ते पुरवणं, त्यांच्या उपयोगी पडणं. सरकार ज्याला मूल्य म्हणतं ते सरकारच्याच तक्त्यात कामही ठरत नसेल, तर तक्ता बदलायला हवा, एवढं म्हणायला मात्र मला उत्तरेत राहण्याची गरज नाही.

कोश चाळताना शिकारीसाठी एक इनुक्टिटुट क्रियापद सापडलं: अंगुनासुक्तुक. त्यात 'अंगु' म्हणजे जनावर पकडणं, आणि पुढचा प्रत्यय धडपडीचा. म्हणजे तो पकडत नाही, पकडू पाहतो. मराठीतली ही '-ऊ पाहणे' अशी रचना इथे किती नेमकी बसते! कार्यालयातल्या नोकरीसाठी त्या भाषेत वेगळाच शब्द आहे. शिकाऱ्याच्या कामाच्या नावातच, आज हात रिकामे परत येतील, हे धरलेलं आहे. रिकाम्या हातांनी आला तरी तो कामावरूनच आलेला असतो.

अहवाल मी पुरा केला. जिथे आकडेवारीचा संदर्भ होता तिथे 'पगारी नोकरी नसलेले' असं लिहिलं. लांबट आहे, कानाला गोड नाही, पण त्यात कोणाच्या लायकीबद्दल काही नाही. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून "सरळ बेकार का नको?" असं विचारलं. मी फोन करून त्यांना आत्याची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आमची आई शेण्या थापायची. शाळेच्या फॉर्मवर मी निरंक लिहिलं होतं." शब्द आहे तसा राहिला.